चांदबिबी सुलताना

बाजारासाठीं किंवा कचेरीच्या कामासाठीं नगरास येणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं शहराच्या पूर्वेस शहा डोंगराच्या माथ्यावरील तीन मजल्यांची अष्टकोनी इमारत दुरून पाहिली असेल. तिला सर्व लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः तो महाल नव्हे, आणि चांदबिबीचा तर नव्हेच. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. परंतु लोकांच्या मनांत या एका स्त्रीचें नांव इतकें ठसलें आहे कीं, जें कांहीं जुनें व भव्य दिसेल तें तिचेंच असलें पाहिजे असें त्यांस वाटतें. एवढी कीर्ति असूनही तिचें आयुष्य कसें गेलें व कोणत्या कारणानें संपलें असें विचारलें, तर तिनें तोफांतून सोन्याचांदीचे गोळे मारले यापलीकडे फार थोड्यांस कांहीं सांगतां येतें. म्हणून तिचें चरित्र थोडक्यांत येथें द्यावें असें आम्हीं योजिलें आहे. शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. परंतु ही हकीकत चारशें वर्षांपूर्वींची असल्यामुळें तिच्यांत आम्ही त्या काळचेंच नांव ठेवितों.

हा काळ कोणता तें प्रथम ध्यानांत घ्यावें. इंग्लंडांत तेव्हां ट्यूडर घराण्याचें राज्य होतें. त्या घराण्यांतील आठव्या हेन्री राजानें आपली पहिली राणी कॅथरीन हिला टाकून ॲन बोलीन हिच्याशीं लग्न केलें, आणि १५३६ सालीं त्याच ॲनचा शिरच्छेद करविला. तिची मुलगी एलिझाबेथ १५५८ पासून १६०३ पर्यंत गादीवर होती; तिच्याही मर्जीतला एसेक्सचा सरदार १६०१ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून मारला गेला. राजाची मर्जी लागली म्हणजे मनुष्य आभाळास हात लावी, व ती फिरली म्हणजे त्याचें शिर धडावर राहत नसे. आमच्या दक्षिणेंतील दरबारांची स्थिति याहून निराळी नव्हती. चांदबिबी ही एलिझाबेथ राणीची समकालीन होय. परंतु दोघींच्या स्थितींत एक मोठा भेद होता. एलिझाबेथ स्वतःच्या नांवानें राज्य करीत होती. चांदबिबीस जन्मभर दुसऱ्याच्या मुलाच्या नांवानें राज्य राखावें लागलें; आणि ज्याची सत्ता स्वतःच्या नांवाची नसते त्याच्यावर संशय घेणें फार सोपें असतें. या संशयानेंच तिला एकदां कैदेंत घातलें व दुसऱ्यांदा तिचा प्राण घेतला.

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाही घराण्यांत झाला. या घराण्याचा पूर्वज मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळांतला होता, असें इतिहास सांगतो. त्याचा मुलगा अहमद हा १४९० सालीं स्वतंत्र झाला व त्यानेंच सीना नदीच्या कांठीं हें शहर वसविलें. अहमदाचा मुलगा बुऱ्हाण हा चांदबिबीचा आजा. त्यानें तरुणपणींच अमीना नांवाच्या एका नाचणाऱ्या स्त्रीवर आसक्त होऊन तिच्याशीं लग्न केलें होतें. पुढें १५२४ सालीं राज्यकारणासाठीं त्यानें विजापूरच्या आदिलशहाची बहीण मरियम हिच्याशीं दुसरें लग्न केलें. या लग्नांत सोलापूरचा किल्ला आंदण मिळावयाचा असें निजामशाहीचे लोक म्हणत. विजापूरकर तें नाकारीत. इकडे राजवाड्यांत वडीलकीचा मान अमीनेसच मिळूं लागला, आणि आपल्या राजकन्येस एका नर्तकीच्या खालीं बसावें लागतें म्हणून विजापूरकर चिडले. एका आंदणाच्या किल्ल्यावरून व दोन बायकांच्या मानपानावरून जो कलह उत्पन्न झाला, तो सुमारें चाळीस वर्षें चालला, आणि त्यांत दोन्हीकडील किती गांवें ओसाड पडलीं याची गणती नाहीं.

अमीनेचा मुलगा हुसेन निजामशहा हा चांदबिबीचा बाप. तिची आई खुंझा हुमायून ही मोठी कर्तबगार बाई होती. हुसेनशहाच्या स्तुतीपर लिहिलेला एक सचित्र फारसी ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. त्यांत राजाच्या शेजारीं ही राणी बसलेली दाखविली होती. परंतु पुढें कोणीं तरी बहुतेक चित्रांतून तिची आकृति पुसून टाकली. अशा घरांत व अशा काळांत चांदबिबी वाढली. ती अरबी, फारसी, तुर्की, मराठी व कानडी या भाषा जाणत असे, सतार वाजवीत असे आणि फुलांचीं चित्रें काढीत असे, असें परंपरेनें सांगतात.

तिचें लग्न हा एक तह होता. विजयनगरचा रामराजा फार प्रबळ झाला होता. दक्षिणेंतील शहांस आळीपाळीनें हाताशीं धरून एकमेकांविरुद्ध लढवावें व सर्वांचा अपमान करावा हें त्याचें धोरण झालें होतें. तेव्हां या शहांनीं आपसांतील वैर मिटविण्याचें ठरविलें व तें मिटविण्याचें साधन म्हणून मुली दिल्या व घेतल्या. चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली व ज्या सोलापुराकरितां इतकें रक्त सांडलें होतें तें तिच्याबरोबर आंदण दिलें. अलीची बहीण हदिया सुलताना ही चांदबिबीचा भाऊ मुर्तजा यास दिली. अशा रीतीनें एक होऊन २३ जानेवारी १५६५ रोजीं शहांनीं कृष्णेच्या दक्षिणेस रामराजाचा पूर्ण पराभव केला. हीच ताळीकोटची लढाई. रामराजास पकडून हुसेनशहापुढें आणतांच त्यानें त्याचा शिरच्छेद करविला. परंतु तोही त्याच सालीं मरण पावला, आणि नगरच्या गादीवर मुर्तजा बसला.

सौदा म्हणून दिलेली मुलगी बहुधा दोन्ही घरांस परकी होते. चांदबिबीचें तसें झालें नाहीं. अली आदिलशहाचा तिच्यावर लोभ व विश्वास होता. ती त्याच्याबरोबर घोड्यावर बसून शिकारीस व मोहिमांस जात असे. त्यांस मूल झालें नाहीं. १५८० सालीं बिदरहून मागवून घेतलेल्या एका खोजा चाकरानें अलीस खंजीर खुपसून ठार केलें, आणि सुमारें तिसाव्या वर्षीं चांदबिबी विधवा झाली. अलीचा पुतण्या इब्राहीम हा अवघा नऊ वर्षांचा होता. त्यास गादीवर बसवून त्याचें संगोपन व शिक्षण चांदबिबीकडे सोंपविलें, आणि कारभार कामिलखान नांवाच्या सरदाराकडे गेला.

येथून तिच्या खऱ्या कसोटीस आरंभ झाला. त्या काळचे दरबार तीन तटांत विभागलेले असत, हें वाचकांनीं समजून घ्यावें. दक्षिणी मुसलमान सरदारांचा एक तट, आफ्रिकेंतून आलेल्या हबशांचा दुसरा, आणि इराण, तुर्कस्थान वगैरे देशांतून आलेल्या परदेश्यांचा तिसरा. राजा सज्ञान व खंबीर असला म्हणजे हे तीन तट तीन बैलांप्रमाणें एका नांगरास चालत. राजा लहान किंवा दुर्बळ असला म्हणजे प्रत्येक आपल्याकडे ओढी. मुलाच्या जवळ जो राहील तोच राज्य करील, म्हणून मुलाजवळ राहण्यासाठींच सर्व कारस्थानें होत.

कामिलखान दोन महिन्यांतच उन्मत्त झाला व चांदबिबीचाही अवमान करूं लागला. तिनें किश्वरखान नांवाच्या दुसऱ्या सरदाराच्या हातून त्यास काढलें. तो पळून जात असतां पकडला जाऊन मारला गेला. परंतु किश्वरखानही त्याच वाटेनें गेला. त्यानें लढाईंत मिळालेले हत्ती सेनापतींकडून मागून घेतले व तेणेंकरून सर्वांस दुखविलें. बंकापुरास असलेला मुस्तफाखान हा जुना व वजनदार सरदार आपल्या जागीं आणला जाईल अशी त्यास भीति पडली. तेव्हां बालराजाची मोहोर वापरून त्यानें मुस्तफाखानाच्या वधाचा हुकूम पाठविला व त्याचा खून करविला. हें कळतांच चांदबिबीनें त्याची उघड निर्भर्त्सना केली. यावर त्यानें जो उपाय योजिला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यानें असें उठविलें कीं, ही बाई नगरची लेक आहे, तीच आपल्या भावास विजापुरावर चालून येण्यास फूस देत आहे. या आरोपावर त्यानें तिला राजवाड्याबाहेर काढून साताऱ्याच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविलें.

परंतु विजापूरच्या लोकांनीं या आरोपावर विश्वास ठेविला नाहीं. किश्वरखान रस्त्यानें जाऊं लागला म्हणजे बायकापोरेंसुद्धां त्यास शिव्याशाप देत. इखलासखान हबशी व इतर सेनापति फौजेसह उलटून आले, तेव्हां किश्वरखान पळाला. नगरास त्यास थारा मिळाला नाहीं, म्हणून तो गोवळकोंड्यास गेला, व तेथें मुस्तफाखानाच्या एका नातलगानें सूड म्हणून त्याचा वध केला. चांदबिबी साताऱ्याहून सन्मानानें परत आली. हबशी सरदारांनीं तिचें ऐकलें असतें तर राज्य लवकर सावरलें असतें. पण तेही आपसांत भांडूं लागले, आणि ही संधि साधून नगर व गोवळकोंडा येथील फौजांनीं विजापुरास वेढा घातला. म्हणजे चांदबिबीस आतां सासरच्या तटावर उभी राहून माहेरच्या सैन्याशीं लढावें लागलें. पावसानें तटाचा कांहीं भाग ढांसळला होता, तरी शहर टिकलें व वेढा उठला. ज्या बाईवर माहेराशीं संगनमत केल्याचा आरोप आला होता, तिनें माहेरच्या फौजेस दारांतून परत लाविलें. पुढें १५८२ पासून दिलावरखान नांवाच्या हबश्यानें आठ वर्षें सर्व सत्ता बळकाविली, आणि चांदबिबी राजकारणांतून बाजूस झाली. १५८४ च्या सुमारास इब्राहीमची बहीण नगरचा राजपुत्र मिरान हुसेन यास दिली, तेव्हां त्या नवरीची पाठराखण करीत ती आपल्या माहेरीं परत आली.

माहेरीं तिनें काय पाहिलें? तिचा भाऊ मुर्तजा यास लोक दिवाणा म्हणजे वेडा म्हणूं लागले होते. आरंभीं त्याची आई राज्य चालवीत होती. तिनें सर्व मोठीं कामें आपल्या भावांस दिलीं, म्हणून मुर्तजानें १५६९ च्या सुमारास तिला कैद केलें. नंतर चंगीजखान नांवाचा फार हुशार वजीर त्यास मिळाला. त्यानें १५७४ सालीं वऱ्हाड प्रांत जिंकून दिला. परंतु साहेबखान नांवाचा एक हलका तरुण राजाच्या मर्जींत चढला होता. त्यानें राजाच्या कानांत घातलें कीं, चंगीजखान वऱ्हाडांत स्वतः राजा होऊं पाहत आहे. राजानें औषध म्हणून त्यास विष पाठविलें. आणि त्या इमानी मनुष्यानें तें ओळखूनही प्राशन केलें. मागून राजास खरें काय तें कळलें. त्या पश्चात्तापानें म्हणा किंवा स्वभावानें म्हणा, तो लोकांपासून दूर बागेंत एकटा राहूं लागला, आणि वर्षेंच्या वर्षें दरबारांत आला नाहीं. साहेबखानानें मात्र सरदारांच्या घरच्या अब्रूवरही हात टाकला, व शेवटीं सरदारांच्याच हातून तो मेला.

त्यानंतर कारभार सलाबतखानाकडे आला. त्यानें रस्ते निर्भय केले, बागा व इमारती पुऱ्या केल्या. फराहबागेचा महाल आजही नगराजवळ उभा आहे. परंतु राजवाड्यांत नाचगाण्याच्या जोरावर आणखी एक माणूस मर्जींत चढलें. विजयनगरच्या लुटींतील अमोल रत्नहार त्यास द्यावे असा राजाचा हुकूम झाला, तेव्हां सलाबतखानानें ते खजिन्यांत राखून दुसरे हलके हार दिले. हें उघडकीस येतांच राजानें संतापून कित्येक जवाहीर अग्नींत टाकलें, असें सांगतात. पुढें या वजीरास कैदेचा हुकूम झाला. त्याच्या पदरीं सैन्य होतें, तरी त्यानें हुकूम मोडला नाहीं; तो आपण होऊन दंडाराजपुरीच्या किल्ल्यांत कैदी म्हणून गेला. शहा डोंगरावर जो निजला आहे तो हाच मनुष्य.

१५८८ सालीं मुर्तजाचा वध त्याच्याच मुलानें, मिरान हुसेनानें, कढत हमामखान्यांत कोंडून केला. पुढच्याच वर्षीं मुलगाही मारला गेला, आणि शहरांत परदेशी लोकांची मोठी कत्तल झाली. फारसी इतिहासकार फरिश्ता तेव्हां नगरास नोकरीस होता. तो यांतून वांचून १५८९ सालीं विजापुरास गेला, व या सर्व गोष्टी त्यानेंच पुढें लिहून ठेविल्या. नंतर दोन वर्षें मुर्तजाचा लहान पुतण्या इस्माईल नांवाला गादीवर होता. १५९१ सालीं त्याचा बाप, चांदबिबीचा दुसरा भाऊ बुऱ्हाण, राजा झाला. तो १५९५ सालीं मेला, आणि त्याचा दुसरा मुलगा इब्राहीम हा चार महिन्यांतच विजापूरकरांशीं लढतांना पडला. त्याच्या मागें बहादूर नांवाचें एक तान्हें मूल राहिलें.

आतां एका गादीस चार धनी उभे राहिले. मिआन मंजू या दक्षिणी सरदारानें अहमद नांवाच्या मुलास राजा केलें व बहादूरास जुन्नराकडील चावंडच्या किल्ल्यांत कोंडलें. पुढें असें दिसून आलें कीं, अहमद हा राजवंशांतला नव्हेच. इखलासखान हबश्यानें मोती नांवाचा मुलगा पुढें केला. अभंगखान हबश्यानें पहिल्या बुऱ्हाणाचा म्हातारा मुलगा शहा अली यास पुढें केलें. चांदबिबी एकटी बहादूराच्या बाजूनें उभी राहिली, कारण खरा वारस तोच होता. मिआन मंजू कोंडींत सांपडतांच त्यानें तें कृत्य केलें ज्याचीं फळें सर्वांस भोगावीं लागलीं: त्यानें गुजराथेंत असलेला अकबर बादशहाचा मुलगा मुराद यास मदतीस बोलाविलें. मोगल येऊं लागले तेव्हां त्याचे डोळे उघडले. पण तोंवर उशीर झाला होता. किल्ला आपल्या माणसाच्या स्वाधीन करून तो विजापूरकरांकडे साहाय्य मागण्यास गेला. त्या माणसास दूर करवून चांदबिबीनें किल्ला हातीं घेतला व बहादूर राजा असल्याची द्वाही फिरविली.

१५९५ च्या डिसेंबरांत मुराद व खानखानान यांच्या सैन्यानें नगरास वेढा घातला. मुरादाचा तळ हश्तबिहिश्त बागेंत पडला. भुईकोट किल्ल्याचा दगडी तट चांदबिबीच्या बापानें बांधविला होता, आणि आतां तो त्याच्या मुलीनें राखावयाचा होता. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग खणून दारू भरली. ही बातमी मोगल छावणींतीलच एका शिराजी सरदारानें रात्रीं किल्ल्यांत पोंचविली. चांदबिबीनें आंतून उलट खणून दोन सुरुंगांतील दारू काढवून टाकली. तिसऱ्यापर्यंत माणसें पोंचतात तोंच तो उडाला, आणि तटाचा मोठा भाग कोसळून खिंडार पडलें. शिपाई पळूं लागले. तेव्हां चांदबिबी अंगावर चिलखत, मुखावर बुरखा व हातांत उपसलेली तलवार अशी त्या खिंडारांत येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे फिरले. संध्याकाळपर्यंत मोगलांनीं हल्ल्यामागून हल्ले केले व खंदक प्रेतांनीं भरून गेला, तरी त्यांस आंत पाऊल टाकतां आलें नाहीं. रात्रीं ती स्वतः जवळ उभी राहिली, आणि पहांट होईतों खिंडार पुनः भरून निघालें. विजापूरची फौज मदतीस येत आहे हें कळल्यावर मोगलांनीं तह केला. वऱ्हाड त्यांस द्यावें व बहादूरानें नगरास राज्य करावें, असें ठरून १५९६ च्या आरंभीं वेढा उठला. या दिवसापासून लोक तिला चांद सुलताना म्हणूं लागले.

आमच्या मतें तिचें मोठेपण खिंडारांतील त्या एका दिवसापेक्षां पुढील चार वर्षांत अधिक दिसतें, कारण तीं तिला घरच्याच माणसांशीं झगडत काढावीं लागलीं. तिनें महंमदखानास पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान, नेमिलें. त्यानें सर्व सत्ता गिळंकृत करून इतर सरदारांस कैद केलें. तिनें विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाकडे, म्हणजे ज्या मुलास तिनें लहानाचें मोठें केलें होतें त्याच्याकडे, मदत मागितली. त्यानें सुहेलखान सरदारास पाठविलें. महंमदखानानें उलट मोगलांस पत्र लिहिलें, तेव्हां किल्ल्यांतल्या लोकांनींच त्यास पकडून सुलतानेच्या स्वाधीन केलें. मग अभंगखान पेशवा झाला. इतक्यांत मोगलांनीं तहाबाहेरचें पाथरी घेतलें. १५९७ सालीं गोदावरीकांठीं सोनपेठेजवळ दोन दिवस लढाई होऊन दक्षिणी फौजांचा पराभव झाला. तरीही अभंगखानाची हांव सुटली नाहीं. सुलतानेस कैद करून बालराजा आपल्या हातीं घ्यावा असा त्यानें बेत केला. तिनें किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले, आणि तिच्याच पेशव्यानें तिला वेढा घातला.

१५९९ सालीं मुराद दारूच्या व्यसनानें मेला. पुढच्या वर्षीं अकबर स्वतः बऱ्हाणपुरास आला व त्यानें आपला दुसरा मुलगा दानियाल व खानखानान यांस नगरावर पाठविलें. अभंगखान घाट अडविण्यास गेला, पण लढाई न देतां जुन्नराकडे पळाला. किल्ल्यांत चांदबिबी, एक लहान राजा, व एकमेकांवर विश्वास नसलेले शिपाई एवढेच उरले. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. तिनें ओळखलें कीं, या वेळीं किल्ला राखतां येणार नाहीं. राखतां येतील ते प्राण. किल्ला मोगलांस द्यावा, आंतील लोकांस अभय मागावें, व बहादूरास घेऊन जुन्नरास निघून जावें, म्हणजे राज्य डोंगरांत तरी जिवंत राहील, असा तिचा विचार होता. हा विचार तिनें एका खोजा अंमलदारास विश्वासानें सांगितला. त्याचें नांव कोठें जीताखान तर कोठें हमीदखान असें आढळतें. तो तेथून निघाला तो ओरडतच रस्त्यांत आला, कीं चांदबिबी मोगलांस सामील झाली व किल्ला विकीत आहे. दक्षिणी शिपायांची झुंड त्याच्या मागें धांवली. कोणीं विचारलें नाहीं, कोणीं थांबलें नाहीं. ज्या हातांनीं चार वर्षांपूर्वीं तिच्या डोळ्यांदेखत खिंडार भरलें होतें, त्यांतलेही कित्येक हात त्या झुंडींत असतील. त्यांनीं तिच्या महालांत शिरून तिला ठार केलें.

याप्रमाणें तिच्यावर दोन राजधान्यांत एकच आरोप दोनदां आला. विजापुरांत ती नगरास फितूर म्हणून कैदेंत गेली; नगरांत ती मोगलांस फितूर म्हणून मारली गेली. पहिल्या वेळीं लोकांनीं तो आरोप उठविणारा कोण आहे हें पाहिलें, आणि तिची सुटका झाली. दुसऱ्या वेळीं भीतीनें त्यांचे डोळे झांकले होते.

तिच्या मरणानंतर थोड्याच दिवसांत मोगलांचे सुरुंग उडाले व १६०० च्या ऑगस्टांत किल्ला पडला. जें अभय ती मागून घेणार होती तें आतां मागणारें कोणी राहिलें नव्हतें. फरिश्ता लिहितो कीं, विजयी सैन्यानें आंतल्या लोकांची कत्तल केली. बालराजा बहादूर यास ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत नेऊन ठेविलें. त्याचें राज्य तेथेंच संपलें. पुढें मलिक अंबर या हबश्यानें परांड्यास दुसरा निजामशहा उभा करून डोंगरांच्या आश्रयानें मोगलांशीं १६२६ पर्यंत टक्कर दिली. किल्ला गेला तरी डोंगरांतून राज्य चालवितां येतें, ही चांदबिबीची अटकळ खोटी नव्हती, हें यावरून सिद्ध झालें. त्याच १६०० सालच्या ३१ डिसेंबरास, म्हणजे नगरचा किल्ला पडल्यावर चार-पांच महिन्यांनीं, तिची समकालीन राणी एलिझाबेथ हिनें लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका कंपनीस पूर्वेकडे व्यापार करण्याची सनद दिली. आणि त्याच कंपनीच्या सैन्यानें १८०३ सालीं हा किल्ला शिंद्यांकडून घेतला. १९४२ पासून १९४५ पर्यंत पंडित जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी याच तटाच्या आंत कैदेंत होते.

लोकांस चांदबिबीचा अंत असा घरच्यांच्या हातून झाला हें सहन होत नाहीं. म्हणून कोणी सांगतात कीं तिनें विहिरींत उडी टाकली, कोणी सांगतात कीं तोफगोळे सरल्यावर तिनें सोन्याचांदीचे गोळे मारले. या गोष्टी प्रेमानें रचलेल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. परंतु त्यांच्या योगें एक तोटा होतो: तिचा घात कोणीं केला हें झांकलें जातें, आणि तो घात करणारी संवय मात्र आपल्यांत राहते.

वाचकहो, आपणांपाशीं किल्ले नाहींत व राजवाडे नाहींत. पण प्रत्येक गांवांत एखादें घर, एखादी सोसायटी, एखादी पंचायत दुसऱ्याच्या वतीनें राखणारें कोणी तरी माणूस असतें. पुष्कळदां ती विधवा चुलती असते किंवा थोरली बहीण असते. तें माणूस लढतें तोंवर आपण त्याची वाहवा करितों. एके दिवशीं तें म्हणतें कीं आतां भांडण पुरे, तडजोड करावी, कारण पोरांचें पोट त्यावर आहे. आणि त्याच संध्याकाळीं चावडीवर कोणी तरी कुजबुजतो कीं, तिनें पलीकडच्यांचे पैसे खाल्ले. त्या वेळीं सांगणारा कोण आहे, त्यास यांत काय मिळावयाचें आहे, आणि जिच्याविषयीं सांगतो तिनें आजपर्यंत काय केलें आहे, एवढे तीन प्रश्न विचारण्यास फार वेळ लागत नाहीं. नगरच्या किल्ल्यांतील शिपायांनीं तेवढा वेळ घेतला असता, तर त्यांचे स्वतःचेही प्राण कदाचित् वांचले असते.